सशाने खाणं सोडलं तर सकाळची वाट बघू नका

मागच्या अंकात घरातल्या सशांबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॅप धरून एवढे प्रश्न आलेत की सगळे छापायचे तर अख्खा अंक लागेल. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतलेत. आधीच सांगते, मी जनावरांची डॉक्टर नाही. १४ वर्षं फ्लॅटमध्ये ससे ठेवलेत, सध्या भुऱ्या आणि जाई असे दोघं आहेत. जे शिकले त्यातलं महत्त्वाचं एक ससा गमावून शिकले, म्हणून पहिलं उत्तर बरंच लांबलंय.

ताई, आमचा ससा दीड वर्षाचा आहे. मागे एका रविवारी त्याने सकाळपासून काही खाल्लं नाही. कोपऱ्यात अंग आखडून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, दातांचा कटकट आवाज येत होता. सासूबाई म्हणाल्या पोट जड झालं असेल, एक दिवस लंघन होऊ दे. संध्याकाळी मिस्टरांनी कसाबसा एक डॉक्टर शोधला आणि तो वाचला. डॉक्टर म्हणाले रात्र काढली असती तर हाताला लागला नसता. हे नक्की काय असतं आणि आधी कसं ओळखायचं? (ठाणे)

तुमचे मिस्टर संध्याकाळी बाहेर पडले हेच तुमच्या सशाचं नशीब. सासूबाईंची चूक नाही हो, आपल्याकडे पोट बिघडलं की लंघन हेच पहिलं औषध, माणसाला ते चालतंही, पण सशाला लंघन मारतं. त्याचं पोट म्हणजे चोवीस तास चालणारी गिरणी, वरून गवत पडत राहिलं तरच खालचं पुढे सरकतं. काही कारणाने तो खायचा थांबला, मग ते दाताचं दुखणं असो, उन्हाचा त्रास असो, भीती असो नाहीतर रोजच्या खाण्यातच गवत कमी असो, की आतडी मंदावतात, आतलं सुकून घट्ट होतं, गॅस धरतो, गॅसने पोट दुखतं आणि दुखतं म्हणून तो अजूनच खात नाही. त्यात सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे वरून बाहेर पडायची वाट बंदच. डॉक्टर लोक ह्याला जीआय स्टेसिस म्हणतात. १० ते १२ तास पोटात काही गेलं नाही तर ती इमर्जन्सी समजायची, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी.

माझा पहिला ससा ढवळ्या ह्यातच गेला. लक्ष्मीपूजनाची रात्र होती, खाली सोसायटीत माळा लागत होत्या आणि तो दिवाणाखाली जाऊन बसला तो बाहेरच येईना. मी त्याच्यासमोर कोथिंबिरीची एक काडी ठेवली आणि म्हटलं घाबरलाय, आवाज थांबले की खाईल. सकाळी उठून बघते तर काडी तशीच, पानं सुकून पेपरला चिकटलेली, आणि ट्रेमध्ये रात्रभरात एकही लेंडी नाही. तेव्हा मला लेंड्यांचा अर्थच माहीत नव्हता. सणाच्या दिवशी उघडा दवाखाना शोधेपर्यंत दहा वाजले, दुपारी तो गेला. त्या काडीचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याने सांगायचं ते सांगितलं होतं, मला वाचता आलं नाही.

ससा दुखणं लपवतो. रानात जो आजारी दिसतो त्याला कोल्हा आधी धरतो, ते त्याच्या रक्तातच आहे, त्यामुळे तो कण्हणार नाही, ओरडणार नाही, फक्त गप्प बसेल. म्हणून रोज दोन गोष्टी बघायच्या, ताट आणि ट्रे. चांगला ससा दिवसाला २०० ते ३०० लेंड्या टाकतो, साधारण वाटाण्याच्या आकाराच्या, गोल, कोरड्या, बोटाने चुरल्या तर आत गवताचा भुसा दिसला पाहिजे. मोजत बसू नका, पण रोज ट्रे साफ करणाऱ्याच्या नजरेत आकडा बसतोच. त्या लहान झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, निम्म्यावर आल्या तर त्याच दिवशी जागे व्हा. केस गळायच्या दिवसांत कधीकधी लेंड्या केसांनी एकमेकींना जोडलेल्या, माळेसारख्या येतात, तेव्हा रोज ब्रश फिरवा आणि गवत वाढवा. शंका आली की त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट नाकासमोर धरायची. आमची जाई पुदिन्याच्या वासाने झोपेतून उठते, तिने पुदिन्याकडे तोंड फिरवलं तर मी पर्स आणि पिंजरा घेऊन निघतेच.

दातांच्या आवाजाचं विचारलंत म्हणून सांगते. डोकं कुरवाळताना जो अगदी हलका, घुरघुरल्यासारखा आवाज येतो तो सुखाचा. जोरात, कटकट, अंग आखडून येतो तो दुखण्याचा. एकदा दोन्ही ऐकलेत की परत गोंधळ होत नाही.

घरी काय करायचं? कान गार लागत असतील तर टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि निघा. सिरिंजने बळजबरी भरवू नका, आत काही अडकलेलं असलं तर भरवल्याने पोट फुगतं, ते डॉक्टरने तपासल्यावरच. माणसांच्या पेनकिलर अजिबात नाहीत. आणि एक वाक्य पाठ करून ठेवा, कारण सगळ्या डॉक्टरांचा हात सशांवर बसलेला नसतो: “हे तोंडाने द्यायचं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन नाही ना?” कुत्र्याला सर्रास देतात ती ही औषधं सशाच्या पोटातले चांगले जंतू मारतात आणि ससा त्याने दगावू शकतो. तसंच कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवर फिप्रोनिल नावाचं औषध असतं, ते सशाला लावायचंच नाही, विषारी आहे. विचारायची लाज वाटू देऊ नका, चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि हो, डॉक्टर आजच शोधा, ससा ठणठणीत असताना. मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं, पण तुमच्या घराजवळचा, एक्झॉटिक (म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे) प्राणी बघणारा एक आणि तो सुट्टीवर असला तर दुसरा, असे दोन नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

नातीच्या हट्टाने ससा आणला, आता नात शाळेत आणि ससा माझ्याकडे. मी त्याला सकाळी पोळीचा तुकडा, चहाबरोबर एक बिस्किट, आणि दिवसभर गाजर देतो. आवडीने खातो. पण तुमच्या लेखात गवत गवत वाचतो. पुण्यात फ्लॅटमध्ये गवत कुठून आणायचं? (कोथरूड)

काका, तुम्ही दिवसभर त्याच्याबरोबर असता हे वाचून फार बरं वाटलं, सशाला सोबत हवी असते. फक्त ताट बदलूया. पोळी, बिस्किट, ब्रेड, भात हे सगळं आजपासून बंद. पिठाचे पदार्थ त्याच्या आतड्यात आंबतात, गॅस होतो आणि नको ते जंतू वाढतात. गाजर म्हणजे त्याची मिठाई, बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही आठवड्यातून दोन-तीनदा. गाजराचा पाला मात्र खुशाल द्या, भाजीवाली तो तोडून फेकते, तिला सांगून ठेवलंत तर पिशवीभर फुकट मिळेल.

गवत म्हणतो त्याला दोन कारणं आहेत. एक पोटाचं, ते वर सांगितलं. दुसरं दाताचं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे दात आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर, आणि ते झिजतात फक्त चरचर चावून चावून, गवत जसं आडवं दळावं लागतं तसं. बिस्किट तोंडात विरघळतं, दाढा झिजत नाहीत, मग त्यांना टोकं येतात, ती जिभेला नि गालाला लागतात, तोंडातून लाळ गळायला लागते आणि आपल्याला वाटतं ससा नखरे करतोय.

आता कुठून आणायचं. वाळलेलं टिमोथी नाहीतर ओट गवत पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइन मिळतं, टिमोथी बाहेरून येतं म्हणून महाग पडतं, मोठी बॅग दोघातिघांनी मिळून घेतली तर परवडते. पण आपल्याकडे हरळी आहे की! हरळी म्हणजेच दूर्वा. मी मंडईबाहेरच्या हारवाल्या मावशींकडून दूर्वांचा गठ्ठा घेते, गणपतीच्या दिवसांत तर ढीग असतो आणि विसर्जनानंतर उरलेला त्या कमी पैशात देतात, फक्त निर्माल्यातल्या नकोत, त्यांना हळद-कुंकू, अत्तर लागलेलं असतं. घरी आणून दोन-तीन पाण्यातून धुवायच्या, चाळणीत निथळायच्या, आणि मग द्यायच्या. रस्त्याकडेच्या नकोत, तिथे कुत्री मुततात आणि गाड्यांचा धूर बसतो. बागेत मशीनने कापलेल्या गवताचा ढीगही नको, तो तासाभरात आतून गरम होऊन आंबतो. बाल्कनीत दोन कुंड्यांत हरळी लावलीत तर सकाळचा घास घरचाच होईल.

प्रमाण असं, रोज सशाच्या अंगाएवढा गवताचा गठ्ठा, संपला की परत. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, तुळस, शेपू ह्यातलं रोज थोडं थोडं आलटून पालटून. पालक कधीतरी. कोबी-फ्लॉवरने गॅस होतो. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, अव्होकाडो हे नाहीच. दुकानातला पेलेटचा (दाबून केलेल्या गोळ्यांचा) खाऊ दोन किलोच्या सशाला दिवसाला २-३ मोठे चमचे पुरे, आणि ज्यात रंगीत दाणे, मका, सुक्या फळाचे तुकडे मिसळलेले असतात तो घेऊच नका. लसूणघास (जनावरांचा हिरवा चारा, अल्फाल्फा) चांगला म्हणून कुणी सांगेल, तो सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि ते लघवीवाटे चुन्यासारखं दाट पडायला लागतं.

एकदम बदल मात्र करू नका, दोन आठवडे घ्या, गवत वाढवत न्या आणि बाकीचं काढत न्या. बिस्किटाच्या वेळी तो पायात घुटमळेल, तेव्हा तुळशीचं एक पान द्या. वेळ तीच, लाड तेच.

आमची ससुली स्वतःचीच शी खाते! किळस वाटते. आणि परवा तिची लघवी लालभडक झाली, मी रडतच डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले काही नाही. खरंच काही नसतं? (नाशिक)

दोन्ही बरोबर आहे, घाबरू नका. ससे दोन प्रकारची शी करतात. एक त्या कोरड्या लेंड्या. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारीक घडासारखी, ती बहुतेक रात्री किंवा पहाटे येते आणि ससा ती थेट तोंडातच घेतो. गवतातलं पोषण एका फेरीत निघत नाही म्हणून ही दुसरी फेरी, त्यात प्रथिनं आणि बी व्हिटॅमिन असतात. तिला अडवू नका. उलट ती मऊ शी रोज जमिनीवर पडलेली, पायाखाली चेपलेली दिसायला लागली तर समजा गोड किंवा पेलेट जास्त होतायत, किंवा तिचं तोंड मागे पोचत नाहीये, वजन वाढल्याने नाहीतर पाठ दुखत असल्याने.

लघवी पिवळीपासून केशरी, विटकरी, लाल कशीही होऊ शकते, झाडपाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे, एक-दोन दिवसांत जाते. रक्त असेल तर सगळी लघवी एकसारखी लाल नसते, मध्येच ठिपका, गाठ दिसते, ती कुंथते, थेंब थेंब होते. तेव्हा तपासून घ्यायचंच. तुम्ही गेलात ते योग्यच केलंत.

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. दुपारी लाइट गेली की कूलर बंद. ससा जिभेने धापा टाकतो. काय करू? (नागपूर)

ससा तोंड उघडून धापा टाकतोय म्हणजे तो आत्ता धोक्यात आहे, हे आधी लक्षात घ्या. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. त्याला १५ ते २१ अंश बरे वाटतात, ३० च्या आसपास गेलं की त्रास सुरू, आणि तुमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर. धापा टाकताना दिसला, नाक ओलं झालं, मान टाकली की थंड फरशीवर आणा, साध्या गार पाण्यात फडकं भिजवून कान पुसत राहा, पाणी पुढे ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. तुमच्याकडे सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथला नंबर आत्ताच घेऊन ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्याने जातो.

रोजची सोय अशी करा. घरातली सगळ्यात गार खोली कुठली ती दुपारी अनवाणी चालून बघा, फरशी तळव्याला सांगते. तिथे त्याला मार्चपासूनच हलवा. प्लास्टिकच्या दोन बाटल्या पाणी भरून फ्रीजरमध्ये टाकायच्या, एक काढली की दुसरी आत, फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवायची, तो आपणहून टेकून बसतो. लाइट गेली की हीच बाटली कामाला येते. मोठं मातीचं मडकं आडवं ठेवून बाहेरून ओलं पोतं गुंडाळलंत तर आत छान गारवा राहतो. कोरड्या हवेत कूलर उत्तम, फक्त झोत थेट अंगावर नको. नुसत्या पंख्यावर विसंबू नका, घामच नसल्याने वारं लागून त्याला आपल्यासारखं गार वाटत नाही. पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात द्या, ससा वाडग्यातून जास्त पितो.

आपल्या सशाला आंघोळ किती दिवसांनी घालायची? पावसाळ्यात वास येतो. (दादर)

कधीच नाही. ससा मांजरासारखा चाटून स्वतःला स्वच्छ ठेवतो, पाण्यात घातलं की भीतीने आणि गारठ्याने त्याचा जीव जाऊ शकतो, शिवाय धडपडताना पाठ मोडते. वास येतो तो ट्रेचा, तो रोज बदला, डाग पडले असतील तर पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसा. मागची बाजू माखलेली असेल तर तेवढीच ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करायची. पावसाळ्यात हे रोज बघा, कारण ओल्या, माखलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होऊन त्या कातडीत शिरतात. गवताला कुबट वास आला, बुरशी दिसली तर सगळं फेका, जीव अडकवू नका.

मावशी, माझा ससा ढेकळ्या मला आवडतो पण तो मला मांडीवर बसू देत नाही म्हणजे तो बसत नाही. उचललं की लाथा मारतो आणि एकदा चावला. त्याला मी आवडत नाही का? (इयत्ता ६ वी, सातारा)

अरे, आवडतोस की! पण तू एक गंमत कर. जमिनीवर पालथा झोप आणि ढेकळ्याच्या डोळ्यांनी तुझ्या घराकडे बघ. तुझे आईबाबा केवढे उंच दिसतात? आता विचार कर, एवढं मोठं कोणीतरी वरून खाली वाकतं आणि तुला पोटाला धरून हवेत नेतं. सशाला रानात वरून कोण उचलतं? घार, ससाणा. म्हणून तो जिवाच्या आकांताने लाथा मारतो. त्याची हाडं फार हलकी असतात, मागचे पाय मात्र ताकदीचे, त्यामुळे जोरात लाथ मारताना त्याचीच पाठ मोडू शकते. कानाला धरून तर कुणालाही उचलू देऊ नकोस, पाहुण्यांनासुद्धा नाही.

तर उचलायचंच नाही. रोज अर्धा तास जमिनीवर बसून तुझा अभ्यास कर, पुस्तक वाच, त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. चार दिवसांनी तो येईल, नाकाने तुला ढोसेल. तेव्हा कपाळावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, हळूच बोट फिरव. हनुवटी तुझ्या वहीवर घासली तर समज वही त्याची झाली, तो वास लावून आपल्या वस्तूंवर नाव टाकतो तसं करतो. आणि एखाद्या दिवशी तो पळता पळता हवेत उडी मारून अंग वळवेल, वेडा झाल्यासारखा, तेव्हा तो फार फार आनंदात असतो. मागचा पाय धपकन आपटला तर काहीतरी धोका वाटलाय, तू शांतपणे जवळ बस. डॉक्टरकडे न्यायचं असेल तेव्हा आईला सांग, एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली, आणि अंगाशी घट्ट धरून. तुझं पत्र मला खूप आवडलं, तो पहिल्यांदा आपणहून आला की परत लिही.

भाड्याचा फ्लॅट आहे, दोघंही आयटीत. सशाने तीन चार्जर आणि वायफायची वायर कुरतडली. ट्रेमध्ये शू-शी करायला कसं शिकवायचं? दिवसभर पिंजऱ्यात ठेवलं तर चालेल? (हिंजवडी)

जमिनीखाली बीळ खणताना आड येणारी मुळं तोडायची ही त्याची सवय, वायर त्याला मूळच वाटते. ओरडून उपयोग नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात फ्लेक्सिबल पाइप आणि केसिंग पट्टी मिळते, जमिनीपासून दोन-अडीच फुटापर्यंतच्या सगळ्या वायरी त्यात घाला. आणि कुरतडायला त्याचं असं काही द्या, पुठ्ठ्याचे खोके, गवताची चटई.

ट्रेचं सोपं आहे. तो जो कोपरा आपणहून निवडतो तिथेच ट्रे ठेवा, खाली पेपर, वर गवत. ससा खाता खाता शी करतो त्यामुळे गवत ट्रेमध्येच किंवा ट्रेला लागून हवं, ह्या एका गोष्टीने निम्मं काम होतं. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाकत राहा. मांजरांची गोळा होणारी लिटर नको, पोटात गेली तर तिथेही गोळा होते. नसबंदी केलेला ससा खूप लवकर शिकतो.

पिंजऱ्यात दिवसभर, नाही. जाळीच्या तळाने तर पाय सोलतात, सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस. बेबी गेट किंवा जोडजाळी लावून एक कोपरा घेरून द्या. एक बरं आहे, ससे दुपारी लोळतात आणि पहाटे नि संध्याकाळी जागे असतात, म्हणजे तुम्ही घरी याल तेव्हा त्याची धमाल सुरू होईल.

दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिल्या. काल सकाळी खोक्यात सहा पिल्लं! आई त्यांच्याजवळ बसतच नाही, पिल्लं मरतील का? (डोंबिवली)

सगळ्यात आधी, आत्ता, पत्र वाचता वाचता, नराला दुसऱ्या खोलीत हलवा. सशीण व्यायल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, आणि ३०-३१ दिवसांत पुढची पिल्लं. लहानपणी नर-मादी ओळखणं अवघड असतं त्यामुळे हे असं अनेक घरांत होतं.

आई जवळ बसत नाही हे बरोबरच आहे. तिच्या वासाने घरट्याकडे शिकारी यायला नको म्हणून ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही रात्री नाहीतर पहाटे, पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. सकाळी पिल्लांची पोटं बघा, गोल, ताणलेली असतील तर पाजलंय. सुरकुतलेली, सैल असतील तर डॉक्टरला फोन. तुम्ही हात लावल्याने आई टाकत नाही, तिने छातीचे केस उपटून अंथरलेत ते तसेच राहू द्या. दहा दिवसांच्या आसपास डोळे उघडतील. आठ आठवडे आईजवळ ठेवा, मग नर पिल्लं वेगळी करायला लागा, तीन महिन्यांच्या आत नक्की.

आणि मग नसबंदी, दोघांची. नराची चौथ्या महिन्यापासून होते, पण नंतरही काही आठवडे तो बाप होऊ शकतो म्हणून महिना-दीड महिना वेगळाच ठेवा. मादीचं ऑपरेशन मोठं असतं, लोक टाळतात, मीही टाळलं होतं. पण नसबंदी न केलेल्या माद्यांत चार वर्षांपुढे गर्भाशयाचा कॅन्सर इतका आढळतो, काही जातींत निम्म्याहून जास्त माद्यांत, की मी जाईचं सातव्या महिन्यात करून घेतलं. सशांची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्याकडेच जा. रात्रीपासून उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर दुसरा डॉक्टर बघा, सशाला उलटी होतच नाही, उपाशी ठेवायची गरज नसते आणि त्याचा अपायच होतो.

पिल्लं देताना घरं बघून द्या. नीट सांभाळला तर ससा ८ ते १२ वर्षं जगतो, घेणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

ऊसतोड चालू असताना फडात सशाची दोन पिल्लं सापडली. आई दिसली नाही. पोरं म्हणतात पाळू. दूध कुठलं द्यायचं? (बारामती तालुका)

दादा, ती पिल्लं पाळायची नाहीत. आपण दोघांनाही ससाच म्हणतो पण हे वेगळं जनावर आहे. दुकानातला पांढरा-काळा ससा हा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. तुमच्या फडातला तो आपला रानससा, तो बीळ करत नाही, गवतात नुसती बैठक करतो. पाळीव सशाची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात, ह्याची मात्र अंगभर केस आणि डोळे उघडे घेऊनच येतात, आणि आई त्यांना मुद्दाम एकटं सोडून लांब राहते. ती टाकून गेलेली नाही. घरात आणली की ती धसक्याने आणि गाईच्या दुधाने मरतात, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

पोरांना असं करायला सांगा. त्या पट्ट्यातली तोड तेवढी थांबवता आली तर बघा, नाहीतर पिल्लं हातात गवत घेऊन, गवतासकट उचलून फडाच्या कडेला, बांधाच्या गवतात सापडली त्याच्या जवळात जवळ ठेवा. कुत्री बांधून घ्या. जखमी असतील तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा. धड असतील तर दूध, पाणी काही नको, सगळ्यांनी तिथून लांब व्हा. अंधार पडायला लागला की आई येते. पोरांना बघायचंच असेल तर बांधाच्या पलीकडे गप्प बसू दे, बॅटरी न लावता.